आंबेखारची शीव

हिरूबाबा ठाण्याच्या बाजारात तंबाखू आणायला निघाले की फडक्यात दोन भाकऱ्या बांधून घेत. बाजार त्यांच्या दारापासून दोनशे पावलांवर. पण वाटेत आंबेखारच्या शिवेचा शेंदूर फासलेला दगड होता. तो ओलांडला की बाबांच्या लेखी परगाव सुरू होई, आणि परगावी उपाशी कोण जातं?

मी आंबेखारच्या शाळेत मास्तर होतो, राहायला ठाण्यात. पहिल्याच दिवशी हा मिठागरातला म्हातारा पाण्याचा तांब्या घेऊन मला दगडापाशी आडवा आला.

"कंचे गावशी आयलाव, पावनं?"

"बाबा, आंबेखार आता ठाण्यातच आलं. आपण एकाच गावचे."

बाबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर दिल्याशिवाय वाट मिळत नसे. रोज सकाळी हा छळ. एकदा वैतागून मी म्हणालो, "काशीहून आलो." बाबांचा चेहरा जराही हलला नाही. "लांबशी आयलाव. पाय धवा, बसा." त्या दिवशी शाळा उशिरा भरली.

मी येण्याच्या जरा आधीच शहराची हद्द वाढली होती; मग आंबेखारला रस्त्यावरचे चार कंदील मिळाले आणि गाव ठाण्याची एक आळी झालं. लोक खूश होते. मीही गावकऱ्यांना प्रगतीवर एक लांबलचक भाषण ऐकवलं होतं, ते आठवलं की आज लाज वाटते. बाबा तेवढे म्हणाले, "दिवं लावा, पन शीव ऱ्हाऊ द्या." कंदील लावणाऱ्यालाही ते रोज संध्याकाळी त्याचं गाव विचारत.

शेवटी मीच एकदा विचारलं, "बाबा, या दगडात एवढं आहे तरी काय?"

बाबा तांब्या खाली ठेवून सांगू लागले. त्यांची एकुलती एक लेक पारू ठाण्यात दिलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पूर्वी पारू दिवाळीला आठ दिवस माहेरी येई, आणि बाबा दगडापाशी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून तिला घरात घेत. गाव शहरात गेलं आणि तिचा सासरा जानू मुकादम म्हणाला, गावातल्या गावात माहेरपण कसलं? दुपारी जा, दिवेलागणीला परत ये. दोन वर्षांत पोर बापाच्या घरी एक रात्र निजली नव्हती.

"शीव गेली त माहेर गेला, मास्तर."

त्यानंतर मी मुकाट्याने पाय धुऊ लागलो.

चैत्रात बंदराचा रस्ता रुंद करायचं निघालं. दगड उपटायला सहा गडी पहारी घेऊन आले आणि त्यांच्यापुढे खुद्द जानू मुकादम. सारं आंबेखार गोळा झालं. आता म्हातारा दगडावर आडवा पडणार, असं मला वाटलं.

बाबा तांब्या घेऊन पुढे झाले.

"कंचे गावशी आयलाव, पावनं?"

मुकादम घामाने भिजला होता. तांब्यासाठी हात पुढे करत तो बोलून गेला, "ठान्याशी आयलू. उनान चालून जीव गेला."

आधी गडी हसले, मग सारं आंबेखार. मुकादमाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"लांबशी आयलाव," बाबा शांतपणे म्हणाले. "मंग माजे पारूला बी आठ दिस धाडा."

मुकादम कानापर्यंत लाल झाला, पण माणूस दिलदार. घटाघटा पाणी प्यायला आणि गड्यांना म्हणाला, "दगड ऱ्हाऊ द्या. रस्ता बाजूशी काढा." कचेरीच्या नकाशात तिथे देवस्थान लिहिलं गेलं. बंदराचा रस्ता आजही त्या दगडाला वळसा घालतो, आणि तिथून जाताना माझी छाती उगाच फुगते.

दिवाळीला पारू आली. दगडापाशी बाबांनी तिलाही गाव विचारलं.

"ठान्याशी, बाबा."

"लांबशी आयली गो," बाबा म्हणाले. आम्हा सगळ्यांच्या हाती ते नुसता तांब्या देत. लेकीचे पाय त्यांनी वाकून स्वतः धुतले.

पुढचे आठ दिवस शाळेला सुट्टी होती, तरी तिकडून जाताना मला कोणी अडवलं नाही. घरातून बापलेकीच्या हसण्याचे आवाज तेवढे येत.

नवव्या दिवशी शाळा उघडली. सकाळी बाबा एकटेच दगडाला टेकून बसले होते. तांब्या जवळच, पण हात गुडघ्यांवर. मी थांबलो, वहाणा काढल्या आणि त्यांनी विचारायच्या आधीच म्हणालो, "ठाण्याहून आलो, बाबा."

त्यांनी वर पाहिलं.

"लांबशी आयलाव," ते म्हणाले. "बसा."

त्या दिवशीही शाळा उशिरा भरली.