बाबूतात्यांचा कान

आमच्या शेजारचे बाबूतात्या रोज संध्याकाळी पाच वाजता एका मडमेबरोबर चहा घेत. मडम घरात नसे. ती फोनोच्या, इंग्रजी शिकवणाऱ्या तबकडीत असे. तात्या कर्ण्यासमोर स्टूल ओढत, डावा कान जवळजवळ कर्ण्यात घालत आणि मडमेने आणखी चहा हवा का म्हणून विचारले, की तबकडीतल्या तिच्या नवऱ्याच्या आधी "नो, थँक यू" म्हणून मोकळे होत. नवरा आधी बोलला तर तात्यांची हार. मग सुई उचलून परत मागे.

"वन्स मोर!"

हे शब्द त्यांनी नाटकाच्या तंबूतून घरी आणले होते. बारामतीत नाटक मंडळी आली की तात्या पुढच्या रांगेत असत. पुढे भाजीवालीने काही सांगितले तरी "वन्स मोर" आणि मी, "तात्या, जरा हळू वाजवा" म्हणून ओरडले तरी "वन्स मोर". मी मुलींच्या शाळेत शिकवीत असे. दिवसभर पाढे ऐकून घरी आले की भिंतीपलीकडून मडम सुरू होई. त्या वर्षी मी तिच्याइतके कोणाचेच ऐकले नसेल.

तात्यांचे इंग्रजी कच्चे होते असे मात्र समजू नका. इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेले. पाटाच्या पाण्यासाठी अर्ध्या बारामतीचे अर्ज तेच लिहीत आणि अर्जात 'मोस्ट हंबली' दोनदा घातल्याशिवाय सही करू देत नसत. अडत होते ते कानाशी. कागदावरचे इंग्रजी त्यांना ओळख देई, तोंडातले देत नसे.

"बाई," एकदा ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "ही मडम 'वुज्जू, वुज्जू' करती, ते काय आसंल?"

माझे इंग्रजी त्यांच्यापेक्षा कमी, पण मुलींना शुद्धलेखन घालून कान तयार झालेला. मी म्हटले, "वुड आणि यू."

तात्या डोके धरून ओट्यावर बसले. "बघा! पुस्तकात वुड येगळा, यू येगळा. आन् तोंडात गेल्यावर दोघांचं लगीन लागतंय!"

त्याआधी आठ दिवस ते 'कपाटी'च्या मागे होते. मडम कपाटाबद्दल काहीतरी विचारते एवढे त्यांनी नक्की केले होते आणि दर वेळी घरातल्या कपाटाकडे वळून बघत. तो 'कप ऑफ टी' निघाला, तेव्हा त्यांना मडमेचा रागच आला. दोन दिवस फोनो बंद. तिसऱ्या दिवशी लावला, तर चावी कमी पडली आणि मडम जाड्या, घोगऱ्या आवाजात बोलू लागली. तात्या म्हणाले, "बाईला पडसं झालंय," आणि समेट झाला.

पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला हे कशाला हवे, असे मी एकदा स्पष्टच विचारले. तात्यांनी सुई काढली, तबकडी पुसली आणि मग सांगितले.

त्यांची धाकटी बहीण चंद्रा, विधवा, इंदापूरकडे पाटाच्या अगदी शेवटाला राहत होती. पाट शेतावरून जाई, पण पाणी शेतात घ्यायला पाटाच्या बांधाला मोरी नव्हती. ती करून मिळावी म्हणून तात्या अर्ज घेऊन पाटाच्या बंगल्यावर गेले. तिथल्या इंग्रज साहेबाने अर्ज वाचला, मान वर केली आणि विचारले, "व्हाय?"

म्हणजे, का?

तात्यांनी ऐकले, 'व्हय'.

"आपल्या भाषेत बोलला, बाई! मला भरूनच आलं. मी लवून रामराम केला आन् पळालो."

कारण विचारल्यावर अर्जदार रामराम करून पळाला, तेव्हा साहेबाने अर्ज बाजूला ठेवला असणार. तात्या तडक बहिणीकडे गेले. "साहेब व्हय म्हणाला!" त्या भरवशावर चंद्राने मोसंबीची साठ रोपे लावली. मोरी आली नाही. चैत्रात रोपे जळायला लागली. तिने विहिरीवरून घागरी वाहून अकरा जगवली. तेव्हापासून तिचा भावाशी अबोला होता. तात्यांनी पुण्याहून जुना फोनो आणला, तो त्यानंतर.

वर्षभराने साहेब बदलला. तात्या नवा अर्ज घेऊन गेले. संध्याकाळी त्यांनी आमच्या ओट्यावर साहेबाचे आणि स्वतःचे, अशी दोन्ही सोंगे करून दाखवली.

नवा साहेब काहीतरी बोलला. तात्यांनी डावा कान पुढे केला. कळेना. "वन्स मोर, सर." साहेब पुन्हा बोलला. वुज्जू नाही, कपाटी नाही, ओळखीचे एक अक्षर नाही. "वन्स मोर, सर." तिसऱ्या वेळी साहेब घामाघूम होऊन म्हणाला, "टुमाला पानी कशाला पायजे?"

तो मराठीच बोलत होता. नुकता शिकत होता आणि माणूस दिसला की त्याच्यावर सराव करून घेत होता.

"मग तुम्ही काय केलेत?"

"काय करतो? एवढी मडम ऐकली ती वाया घालवू व्हय? मी विंग्रजीतच सांगितलं. 'सिस्टर नो टॉक, सर. नो वॉटर, नो टॉक.'"

साहेबाने हुकूम दिला. लेखी.

रविवारी तात्या दारात उभे. "बाई, चला माझ्यासंगं. ती माझ्याशी बोलणार न्हाय, तुमच्याशी बोलंल."

मला वह्या तपासायच्या होत्या. तरी मोटारीने गेले, कारण हे प्रकरण मिटल्याशिवाय फोनो थांबणार नव्हता.

चंद्राने माझ्यासाठी घोंगडी टाकली. तात्या दोन हात अंतरावर बसले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, त्यास्नी इचारा, साहेब निस्तं व्हय म्हणालाय, का कागूद हाय?"

तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तिला म्हणावं, कागूद हाय."

"मी काही तारऑफिस नाही," मी म्हटले. "तुमचे तुम्ही बोला."

तात्यांनी हुकूम पुढे सरकवला. चंद्राला वाचता येत नव्हते. तिने शिक्क्यावरून बोट फिरवले, मग सहीवरून. कागद देवाच्या कोनाड्यात ठेवला आणि चुलीकडे गेली. दारातून तिची अकरा झाडे दिसत होती. तात्या ती मोजत असावेत. त्यांचे ओठ हलत होते.

चहा आला. पहिला कप माझ्यासमोर, दुसरा तात्यांसमोर. तात्यांनी कपाला हात लावला नाही. चंद्राने तो त्यांच्याकडे आणखी सरकवला.

"दादा," ती म्हणाली, "च्या गार हुतोय."

तात्यांनी मान तिरकी केली, डावा कान पुढे केला आणि हळूच म्हणाले,

"वन्स मोर."