कठड्याचा पाइप

"घरी जिन्याला भक्कम कठडा आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं आणि क्लेमसाहेब "आहे की!" म्हणून मोकळे झाले. पुढचं सगळं रामायण त्या एका "आहे की"मुळे घडलं.

कठडा नव्हता. म्हणजे खांब होते, पण वरचा पाइप आठ दिवसांपूर्वी नानांच्या हातात तुटून आला होता आणि पाइपासकट नाना पाचव्या पायरीवरून बाजूला खाली गेले होते. नाना म्हणजे क्लेमसाहेबांचे सासरे. दोन वर्षांपासून ते लेकीकडेच राहत होते. आता पायाच्या हाडात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू घेऊन ते दवाखान्यात पडले होते आणि डॉक्टर त्यांना रविवारी सोडणार होते. "कठडा असल्याशिवाय मी जिना चढू देणार नाही. पुन्हा पडले तर तो पाय गेला म्हणून समजा," असंही डॉक्टर म्हणाले. पण हे ते नंतर म्हणाले. आधी म्हणाले असते तर क्लेमसाहेबांनी विचार करून उत्तर दिलं असतं.

त्या पाइपाला गंज धरलाय हे बायको सहा महिने कानीकपाळी ओरडत होती आणि क्लेमसाहेब सहा महिने "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत होते. नाना पडले त्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. 

तसे ते मुळातच भित्रे. त्यात दोष त्यांचा नाही, टेबलाचा. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायच्या टेबलावर बावीस वर्षं काढलेला माणूस आणखी कसा होणार? म्हणून तर गल्लीनं त्यांचं नाव क्लेमसाहेब ठेवलं होतं. शिडी दिसली की त्यांना फ्रॅक्चर दिसायचं आणि प्रेशर कुकर दिसला की पंचनामा दिसायचा.

त्यांनी फॅब्रिकेटरला फोन लावला.

"वीस दिवसांनी येतो," फॅब्रिकेटर म्हणाला.

"अहो, रविवारी हवंय!"

"मग रविवारीच येतो. वीस दिवसांनंतरच्या." मग त्यालाच दया आली. "हे बघा साहेब, खांब शाबूत आहेत ना? मग वेल्डिंगसुद्धा नको. पाइप आणा, मापानं कापा, क्लॅम्पात बसवा आणि नट आवळा. झाला कठडा. तुम्हीच करून टाका की!"

बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "खरंच, तुम्हीच करा. नाना नेहमी म्हणतात, जावईबापूंच्या हातात पेनाशिवाय काही शोभत नाही. एकदा दाखवाच त्यांना."

नाना चौतीस वर्षं कारखान्यात होते. घरातलं कुठलंही लोखंडी काम निघालं की "आमच्या कारखान्यात असलं काम आम्ही डोळे मिटून करायचो" हे वाक्य ठरलेलं. त्यांच्यासमोर क्लेमसाहेबांनी आजवर साधा खिळाही ठोकला नव्हता.

पाइपवाल्याचं कापायचं मशीन नेमकं बंद होतं. त्यानं अख्खा वीस फुटी पाइप आणून जिन्याखाली टाकला आणि तो निघून गेला. पाहिजे होता साडेअकरा फूट. आता तो कापायचा कशानं?

असा प्रश्न पडला की माणूस दुकानात जातो. क्लेमसाहेब ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. गुरुवारी जेवणाची सुट्टी बुडवून त्यांनी बावीस वर्षांच्या फायली काढल्या आणि कोणत्या हत्यारानं किती माणसं दावेदार झाली याचा तक्ता केला. ग्राइंडर, म्हणजे गरगरत्या चकतीनं लोखंड कापायचं यंत्र, एकसष्ट. पत्र्याची कात्री, तेवीस, बहुतेक अंगठे. हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची हातकरवत, चौदा. त्यातला एक गृहस्थ ब्लेड मागच्या खिशात ठेवून खुर्चीवर बसला होता. कट-ऑफ मशीन फक्त नऊ, पण त्या नऊ फायलींतले फोटो बघून क्लेमसाहेबांनी डबा तसाच बंद केला. आणि पाइप कटर, शून्य! बावीस वर्षांत एकाच्याही नखाला धक्का लागलेला नव्हता. त्यांनी शून्याभोवती लाल गोल काढला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

"काय देऊ?" संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानदारानं विचारलं.

"लोखंडी पाइप कापायचाय. जरा... शांत स्वभावाचं काही दाखवा."

"साहेब, हत्यार घ्यायला आलात की सून बघायला?"

"पाइप कटर द्या," क्लेमसाहेब चाचरत म्हणाले. "त्यानं आजवर कुणालाच काही झालेलं नाही."

"कसं होणार? वर्षाला एखादा खपतो." दुकानदारानं इंग्रजी सी अक्षरासारखं, आत चाक बसवलेलं एक जडशीळ अवजार पुढे ठेवलं. "हे पाइपाभोवती फिरवायचं. पण तुमचा पाइप जाड, म्हणजे आधी तो शिकंज्यात आवळून धरायला हवा. शिकंजा आहे घरी?"

शिकंजा नव्हता. लाल गोलातलं शून्य तिथंच गळून पडलं.

"मग ग्राइंडर घ्या. लोण्यासारखा कापतो."

"नको!" क्लेमसाहेब एवढ्या मोठ्यानं ओरडले की दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. आणि अशा ठिकाणी माणसं गोळा झाली की आपापल्या खुणा दाखवल्याशिवाय राहत नाहीत. एकानं बाही वर केली, "हे बघा, डिस्क फुटली तेव्हाचं." दुसऱ्यानं भुवईवरचा व्रण दाखवला. तिसऱ्यानं नुसतंच डाव्या हाताचं बोट पुढे केलं आणि ते जिथं संपायला हवं त्याच्या बरंच आधी संपत होतं.

"तर्जनी, पाऊण पेर," क्लेमसाहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "पॉलिसी होती?"

शेवटी हॅक्सॉवर ठरलं. "अर्धा तास लागेल, हात भरून येतील, पण कापेल," दुकानदार म्हणाला आणि कागदात गुंडाळू लागला. सगळं सुरळीत झालं असतं. तेवढ्यात एक साठीच्या बाई आल्या. काठाला पीठ लागलेली पिशवी, डोळ्याला चष्मा. "माझ्या ग्राइंडरच्या डिस्का संपल्या हो. पातळ दे, मागच्या वेळी जाड दिल्यास," त्या दुकानदाराला म्हणाल्या. मग त्यांची नजर हॅक्सॉवर गेली. "शाळेच्या मुलासाठी का? छान आहे. मुलांना असंच सुरुवातीला द्यावं."

क्लेमसाहेबांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "ते... शेजाऱ्यांनी मागवलंय," ते म्हणाले. "मला ग्राइंडर द्या."

"चार इंची की सात?"

बाई अजून तिथंच होत्या. "मोठा!"

"सात इंची हातात उसळतो, साहेब."

"उसळू दे!"

बाहेर पडल्यावर त्यांना रस्ता ओलांडायलासुद्धा भीती वाटली. हातात सात इंची ग्राइंडर होता, हेल्मेट, गॉगल, कानात घालायचे बोळे आणि कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे होते आणि हॅक्सॉ दुकानातच राहिला होता. बदलून मागायचा तर त्या बाईंचं काय?

शुक्रवार सगळा माहितीपुस्तिका वाचण्यात गेला. त्यात चोवीस इशारे होते. क्लेमसाहेबांच्या मते ते कमी होते, त्यांनी समासात आणखी अकरा लिहिले. आणि मग त्यांनी ती गोष्ट केली जी जगातला दुसरा कुठलाही माणूस करणार नाही. त्यांनी अपघाताच्या दाव्याचा फॉर्म भरून ठेवला. निम्मे दावे बारगळतात ते माणूस विव्हळत असताना फॉर्म चुकीचा भरतो म्हणून, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? अपघाताचे कारण, ग्राइंडर उसळला. स्थळ, राहत्या घराचा जिना. इजा, उजवा हात, मनगटापासून. साक्षीदार, पत्नी. फक्त वेळेचा रकाना रिकामा ठेवला. खाली सही करताना मात्र त्यांना गलबलून आलं.

शनिवारी सकाळी ते खाली उतरले. हेल्मेट चढवलं, कानात बोळे कोंबले, हातमोजे घातले. पाइप दोन विटांवर ठेवला आणि वायर जोडली. "नानांसाठी," असं स्वतःशी म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

असा काही आवाज झाला की पुढच्या गल्लीतली कुत्री पळाली. ग्राइंडरनं हातातच उसळी घेतली. क्लेमसाहेबांनी एका क्षणात सगळ्या एकसष्ट फायली पाहिल्या, बटण सोडलं, लाथेनं वायर उपटली आणि ते मटकन खाली बसले. डिस्क पाइपाच्या जवळपासही गेली नव्हती. दोन्ही हात जागेवर आहेत का, हे बघायला त्यांनी ते डोळ्यांसमोर धरले आणि बराच वेळ बघतच राहिले.

नेमका तेव्हाच वर टेबल पुसताना बायकोच्या हाती तो फॉर्म लागला. "इजा, उजवा हात, मनगटापासून" वाचेपर्यंत खालचा आवाज एकदम बंद झाला. ती धावत दाराशी आली आणि वरूनच ओरडली, "अहो! अहो, ऐकलंत का?" कानात बोळे, वर हेल्मेट, क्लेमसाहेब कसले ऐकतात? ते जमिनीवर बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक दिसत होते. हातमोजे लाल रंगाचे होते. ते आधी बायकोला दाखवायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

तिनं फोनवरचा शेवटचा नंबर दाबला. तो नानांचा होता. "नाना, ह्यांचा हात गेला हो! कठड्याचा पाइप कापायला गेले आणि..." वाक्य अर्धवट टाकून तिनं फोन ठेवला.

ती खाली धावली. हातमोजे उपटून काढले, दहा बोटं दोनदा मोजली आणि मग नवऱ्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "जित्या माणसाचा फॉर्म भरता? साक्षीदार पत्नी? लाज नाही वाटत?" म्हणून ती ओक्साबोक्शी रडायला लागली. मग तिला नाना आठवले. तिनं फोन लावला, तर तो दवाखान्यातल्या नर्सनं उचलला. "फोन उशीखाली आहे," ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "पण आजोबा कुठं आहेत?"

आजोबा टॅक्सीत होते. अर्ध्या तासानं टॅक्सी दारात उभी राहिली आणि दवाखान्याच्या पायजम्यात, हातात काठी घेतलेले नाना खाली उतरले. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. "हात कुठाय?" ते एवढंच म्हणाले. क्लेमसाहेबांनी दोन्ही दाखवले. नानांनी ते चाचपून बघितले, आपल्या हातात घट्ट धरले आणि सोडेचनात.

"नाना, आता टॅक्सीत बसा, दवाखान्यात परत चला," लेक म्हणाली.

टॅक्सीवाला केव्हाच निघून गेला होता आणि दुसरी लवकर मिळायचं लक्षण नव्हतं. उभ्या उभ्या नानांचा पाय थरथरायला लागला आणि अकरा पायऱ्यांवर वर त्यांची खाट होती. जिन्याच्या एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला उघडे खांब आणि त्यापलीकडे नुसती हवा. पुन्हा पडले तर पाय गेला, हे डॉक्टरांचं वाक्य क्लेमसाहेबांच्या डोक्यात घण घालत होतं. हे सगळं आपल्या आळसानं झालं. या माणसाला आपणच पाडलंय आणि आता परत पाडणार.

"नाना," ते म्हणाले, "तुम्ही भिंतीकडून चला. मी उघड्या बाजूनं येतो."

"पडाल!"

"मग आधी मी पडेन. तुम्ही माझ्यावर पडा. मऊ लागेल."

अशी वरात निघाली. भिंतीला नाना, खांबांच्या कडेनं क्लेमसाहेब, मागून दोघांना पोटाशी धरून ठेवल्यासारखी बायको. एकेक पायरी. क्लेमसाहेबांची अर्धी टाच हवेत होती. खाली बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि ते सारखं खालीच बघत होते.  सहाव्या पायरीवर नाना थांबले.

"जावईबापू, हात सोडणार नाही ना?"

"नाही नाना."

"काहीही झालं तरी?"

"आता कसा सोडीन? दोघंही जाऊ."

"मग सांगून टाकतो," नाना भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "तो पाइप गंजानं तुटला नाही. मी कापला होता."

"काय?"

"अर्धाच. तुम्ही दोघं कामाला गेला होतात. म्हटलं, गंजका तुकडा आपणच काढू, जावयाला दाखवू. करवत लावली. ते करकर ऐकून माझ्या अंगावर काटा आला हो. हात चालेना. चिरेत साबण भरला, वरून रंग मारला. आणि आठ दिवसांनी विसरून त्यावरच रेललो."

"पण नाना, तुम्ही कारखान्यात चौतीस वर्षं..."

"स्टोअरमध्ये. खिडकीच्या आत. बाहेरच्यांना हत्यारं द्यायचो आणि परत घेताना त्यांची बोटं मोजायचो. उभ्या जन्मात मी एक पाइप कापलेला नाही. तुमच्यापेक्षा भित्रा आहे मी. तुम्ही निदान बटण तरी दाबलंत!"

क्लेमसाहेबांना राग आला. इतके दिवस घशात अडकलेला घास आठवला आणि आणखी राग आला. मग त्यांच्या छातीवरची धोंड अशी काही उतरली की त्यांना हसावं की रडावं कळेना. एरवी असा माणूस त्यांनी तिथल्या तिथं झटकून टाकला असता. पण हात नानांच्या हातात होता, टाच हवेत होती. त्यांनी तो हात आणखी घट्ट धरला.

"आधी सांगायचं ना हो," ते कसंबसं म्हणाले.

"आधी तुम्ही हात सोडू शकत होतात," नाना म्हणाले.

मागे बायको होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. दोघांनाही वळून बघायची हिंमत होईना. शेवटी बायको म्हणाली, "झालं दोघांचं बोलून? चला वर." आणि दोघंही निमूटपणे सातवी पायरी चढले.

वर खाटेवर नानांना टेकवल्यावर तिनं डॉक्टरांना फोन केला, त्यांची बोलणी शांतपणे ऐकून घेतली आणि "हो डॉक्टर, कठडा आहे" असं सांगितलं.

"अगं, खोटं काय बोलतेस?" क्लेमसाहेब दचकून म्हणाले. "वीस दिवस फॅब्रिकेटर येत नाही!"

"खोटं कुठं?" ती त्यांच्याकडे बोट दाखवत म्हणाली. "नानांना तपासायला खाली-वर नेताना हाच कठडा उघड्या बाजूनं उभा राहणार आहे."