तात्यांना झटका बसत नाही

“गुरुजी, विजेनं जखम भरते का?”

भर वर्गात हे विचारून दाखव, अशी पैज वनमाला आणि जगदेवीनं मारली म्हणून चारुशीला उभी राहिली. पोरी फिदीफिदी हसल्या, पण मार्तंड गुरुजी खुलले. जखमेच्या कडेला शरीराची स्वतःचीच बारीक वीज असते, बाहेरून थोडी दिली तर कातडं लवकर धरतं म्हणतात, असं सांगता सांगता त्यांनी कपाटातली, हँडल फिरवलं की वीज देणारी पेटी काढलीसुद्धा. जखम कुणाला आहे, एवढंच त्यांनी विचारलं. चारुशीलेनं वडिलांचं नाव सांगून टाकलं.

तिचे वडील विष्णुपंत, म्हणजे तात्या, तुळजापुरातले पुजारी. त्यांच्या तळपायाची जखम दिवाळीपासून भरत नव्हती. वाहत्या जखमेनं गाभाऱ्यात जाता येत नाही, आणि त्यांची पूजेची पाळी चैत्रात होती. हुकली तर ती चुलतभाऊ भानुदासकाकांना मिळणार होती, म्हणून काका रोज मोठ्या मायेनं पाय बघायला येत. सोलापूरच्या दवाखान्याचं नाव काढलं की तात्या तोंड फिरवत. तिथं पाय कापतात, असं त्यांनी ऐकलं होतं.

संध्याकाळी गुरुजी पेटी घेऊन घरी आले. तारांच्या टोकांना चामड्याच्या गाद्या बघून, विटाळ नको म्हणून, तात्यांनी पाय पोटाशी घेतला. मग आईनं गाद्यांऐवजी धुवट धोतराच्या चिंध्या भिजवून बांधल्या.

आधी गुरुजींनी स्वतः तारा धरल्या. चारुशीलेनं हँडल अशा हौसेनं फिरवलं की त्यांचा चष्मा उडाला. आईनं नुसतं बोट लावलं आणि ती भिंतीला जाऊन टेकली. पाय बघायला आलेल्या काकांनी हसत हसत दोन्ही तारा धरल्या. त्यांची टोपी घागरीत पडली.

मग तात्यांचा तळपाय. चारुशीला घामाघूम, आणि तात्या पानाला चुना लावतायत.

“अगं, फिरव की.”

“फिरवतेच आहे, तात्या.”

पेटी बिघडली वाटून गुरुजींनी तारा पुन्हा धरल्या आणि बसल्या जागी उडाले. तात्यांना परत लावल्या. काही नाही.

“बघितलंस का भानू,” तात्या म्हणाले, “याला काळीज लागतं.”

काकांची मान खाली गेली. आई कौतुकानं दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या आणायला उठली. गुरुजींनी मात्र खिशातली टाचणी काढून तात्यांच्या तळव्याला हळूच टोचली. तात्या बोलतच राहिले. गुरुजींनी चारुशीलेकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

तिनं हँडल सोडलं.

“आई, तात्यांची पिशवी भर. उद्या पहिल्या एस.टी.नं सोलापूरच्या दवाखान्यात जायचंय.”

“अगं, पण मला दुखतंय कुठं?” तात्या हसले.

“म्हणूनच,” चारुशीला म्हणाली. “टाचणी टोचली, तीही कळली नाही तुम्हाला. तुम्ही नाही म्हणलात तरी मी नेणार. पाळी काकांना द्या.”