शून्य मिलिमीटर

लातूर आणि नांदेडच्या काठांना कात्री लावून सरकारने नवा जिल्हा काढला, आणि त्या जिल्ह्याचा पहिला हुकूम असा निघाला की व्यावसायिक दायित्व विमा असल्याशिवाय कुणीही इमारतीचा नकाशा काढू नये. नकाशात चूक निघाली तर भरपाई विमा कंपनी देईल, म्हणजे चुका निर्धास्तपणे करता येतील, असा त्यामागे लोकहिताचा विचार होता.

गावात आर्किटेक्ट एकच, रेवणसिद्ध. त्याने विमा काढला. कंपनीच्या अण्णारावांनी त्याला हप्त्यात सवलतही दिली, कारण तीन वर्षांत त्याचं एकही छत गळलेलं नव्हतं. तीन वर्षांत पाऊसही पडलेला नव्हता, पण तसा रकाना अर्जात नव्हता.

दुष्काळात माणूस बरंच काही विसरतो. कन्याशाळेचं छत आखताना रेवणसिद्ध पाणी वाहून जायचा पाईपच विसरला. नकाशा तपासणाऱ्या तिघा साहेबांनीही डोळे झाकून शिक्के मारले. मग एका मंगळवारी दोन तास पाऊस कोसळला, छतावर गुडघाभर पाणी तुंबलं आणि चौथीच्या वर्गावरचा अर्धा स्लॅब खाली आला. शाळा नुकतीच सुटली होती म्हणून अडतीस मुली वाचल्या. तो आकडा काही रेवणसिद्धच्या डोक्यातून जाईना.

मुख्याध्यापिका सुमनबाईंना त्याने सरळ सांगितलं, चूक माझी, महिनाभरात छत करून देतो. बाईंना घाई होती. वर्ग एकदा बंद पडला की निम्म्या मुली परत शाळेत येत नाहीत, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

अण्णारावांनी पॉलिसीतली अट दाखवली. कंपनीच्या परवानगीशिवाय छताला हात लावला तर विमा रद्द, आणि विमा रद्द तर परवाना रद्द. परवानगीसाठी एकच कागद हवा होता, त्या दिवशी पाऊस झाल्याचा तहसीलचा दाखला.

तहसीलमध्ये पाऊस मोजायचं यंत्रच नव्हतं. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा खुर्च्या इकडे आल्या आणि यंत्र जुन्या जिल्ह्यात राहिलं. मंगळवारी तिकडे थेंबही पडला नव्हता. सबब इकडेही शून्य मिलिमीटर, असं कारकुनाने वाळत घातलेली आपली छत्री बाजूला सारत सांगितलं. फार तर पाच साक्षीदारांच्या सह्या आणा, म्हणाला.

रेवणसिद्ध अर्ज घेऊन गावभर फिरला. पाऊस झाला हे कुणी नाकारत नव्हतं; उलट काय झोडपला होता, हे जो तो चहा पाजून सांगत होता. पेन पुढे केलं की मात्र हात मागे जाई. शेवटी शेजारच्या व्यंकटीने त्याला कोपऱ्यात घेऊन समजावलं. पाऊस कागदावर आला की गाव दुष्काळाच्या यादीतून उडतं, आणि यादीतून उडालं की टँकर बंद.

उरल्या सुमनबाई. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"सर, छत लई पायजे हाय," त्या म्हणाल्या, "पर टँकर बी पायजे हाय. पोरी पानी तिथूनच पिऊन राहिल्या."

रेवणसिद्धने अर्ज त्यांच्याच टेबलावर ठेवला. त्याच्या आईची घागरही त्याच टँकरच्या रांगेत असायची.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. पाऊस झालेला नाही, त्याअर्थी छतावरचं पाणी कुणीतरी ओतलेलं असणार. टंचाईग्रस्त भागात असं पाणी वाया घालवणं गंभीर बाब आहे. तरी सविस्तर खुलासा करावा, अथवा छत पडलेलंच नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं.

रेवणसिद्धने प्रतिज्ञापत्र दिलं. सही करताना त्याला रडू आलं, त्याचाही रकाना नव्हता. पुढच्या वर्षी निर्दोष कामाबद्दल त्याला आणखी सवलत मिळाली.

छत पडलेलंच नसल्याने दुरुस्तीचा प्रश्न मिटला. चौथीचा वर्ग तिथेच भरतो. मुली उन्हासाठी डोक्यावर दप्तर धरून पाढे म्हणतात. आता त्या सतरा आहेत.

तो अर्ज अजून शाळेच्या कपाटात आहे आणि पाचही जागा रिकाम्या आहेत. पाऊस झाला होता, हे आता आपल्यालाही माहीत आहे. इकडे कधी आलात तर सही करून जा. घाई नाही. निघण्याआधी आपल्या गावाचं नाव दुष्काळाच्या यादीत आहे का, तेवढं पाहून घ्या.