हिरव्या पाकिटांची तटबंदी

"दोन तासांचं काम," शूफेन ऐटीत म्हणाली होती. नववर्षाच्या आदल्या दिवशी सिंचू शहरातल्या त्या वायफायच्या कंपनीत थांबायला दुसरं मिळणार तरी कोण? बाकीच्यांना सासर होतं, पोरं होती. शूफेनला चारच्या गाडीचं तिकीट होतं, आणि तिकडे चियायी गावात एकटे राहणारे ब्याऐंशी वर्षांचे बाबा. ती पोचल्याशिवाय सणाच्या जेवणाला ते हात लावत नसत.

काम साधंच. टेबलाच्या दोन टोकांना वायफायचे दोन डबे. सेकंदाला माहितीचा किती माल पलीकडे पोचतो आणि हाकेला ओ यायला किती वेळ लागतो, एवढं मोजायचं. पहिले आकडे झकास आले. मग तिने रीतीप्रमाणे डब्यापुढे मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं. त्याशिवाय यंत्र शहाण्यासारखं वागत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

वेग निम्म्यावर आला.

"तारीख उलटली असेल पाकिटाची," रखवालदार गुओकाका म्हणाले.

"मार्चपर्यंतची आहे."

"मग दुसरा डबा रुसला. त्याला कुठे पाकीट ठेवलंत, ताई?"

पटलं. त्यालाही ठेवलं. आता ओ इतक्या उशिरा येऊ लागली, की डब्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली असावीत. काकांनी आपल्या कॅमेऱ्यांपुढची चार पाकिटं आणून दिली. शूफेनने दोन्हीकडे तटबंदी उभारली, हात जोडले. डब्यांनी बोलणंच टाकलं.

चारची गाडी गेली. काकाही घरी गेले. सगळी दुकानं बंद, पोटात कावळे. शूफेनने इकडेतिकडे बघितलं आणि यंत्रापुढचं पाकीट चक्क उचलून फोडलं. आकडा चढला. दुसरं फोडलं. आणखी चढला. तिने रिकामं पाकीट उलटं केलं. आतून चकचकीत चांदी. वीस वर्षं लहरी मोजणाऱ्या बाईने लहरींपुढेच पत्र्याची भिंत बांधली होती.

तिने बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, झालं काम. डबे दोन मिलिसेकंदांत ओ देतायत."

"वा. मी दुपारी विचारलं होतं, मासा कधी वाफवू."

शूफेन ओशाळली. "सहाच्या गाडीने उभ्याने येते. खूप भूक लागलीय का हो?"

"थोडं खाल्लंय. गेल्या वर्षी तू माझ्या वायफायपुढे हिरवं पाकीट ठेवून गेली होतीस ना, तेच फोडलं. वर्षभर फोनवर तुझा चेहरा नुसता गोठायचा, पोरी. आज काय लख्ख दिसतेयस."

शूफेनने फोन आणखी जवळ धरला.

"तोंड पूस," बाबा म्हणाले. "तूही तेच खाल्लेलं दिसतंय."