नेस्टामावशीच्या अंगणातली उलटी लादी

गावाच्या माहितीपुस्तिकेत इतिहासाचं पान कोरं राहिलं होतं, आणि त्यापायी ग्विलिम मास्तरांना अन्न गोड लागेना. वेल्श किनाऱ्यावरच्या या अबरविलानला समुद्र होता, चॅपल होतं, मासे होते; घडलेलं मात्र काहीच नव्हतं. खाडीपलीकडच्या त्रेव्हारनकडे चाच्यांची गुहा होती आणि ते लोक दर बाजारच्या दिवशी ती न चुकता तोंडावर मारत. पुस्तिका शुक्रवारी छापायला जायची होती. ज्यानं चाळीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला, त्याच्याच गावाला इतिहास नसावा?

अशात सोमवारी सकाळी नेस्टामावशीनं त्यांना बोलावलं. ऐंशीला टेकलेली ही विधवा समुद्राकाठच्या शेवटच्या घरात एकटी राहायची. मागच्या अंगणात पाटीच्या दगडाच्या त्रेचाळीस लाद्या होत्या, नवऱ्यानं, इडवलनं, बसवलेल्या. दोन वर्षं झाली, लाद्या डुगडुगत होत्या. शेवाळावरून पाय घसरायचा, टेबल कलायचं, चहा कपापेक्षा बशीतच जास्त. तिनं साऱ्या गावाला सांगून पाहिलं. सगळे म्हणाले, 'आत्ता येतो, एका मिनिटात.' त्या किनाऱ्यावर याचा अर्थ 'येत नाही' असा होतो. म्हणणाऱ्यांत मास्तरही होते.

"एक लादी उलटलीय रे," मावशी म्हणाली. "खालच्या अंगाला काहीतरी कोरलंय. मला मेलीला चष्म्याशिवाय काय दिसतंय?"

मास्तर गुडघ्यांवर बसले. 'कॅप्टन इलायस प्रोथेरो, समुद्रात बुडून मृत्यू, १९११.'

"मावशी," ते हळूच म्हणाले, "तुम्ही कबरस्तानात बसून चहा पिताय."

"अगंबाई. पण इडवल तर..."

"आता मध्ये बोलू नका. हा इतिहास आहे."

मावशी चहाचं आधण ठेवायला आत गेली.

मंगळवारी मास्तरांनी चॅपलच्या गायकमंडळातले आठ धट्टेकट्टे पुरुष आणले. एकेक लादी उचलून सोड्यानं घासली, कारण शेवाळाखाली अक्षरं असू शकत होती. आणखी तीन कोरीव लाद्या निघाल्या. बुधवारी खालची माती खणून चाळली. हाडं सापडली. धर्मगुरूंनी टोपी काढून प्रार्थना म्हटली; मग गुरांचा डॉक्टर म्हणाला, मेंढीची आहेत. पण प्रार्थना झालीच होती, ती परत कशी घेणार? मृतांच्या डोक्यावर डुगडुगतं अंगण शोभत नाही, असंही धर्मगुरू म्हणाले. म्हणून गुरुवारी ताजी वाळू अंथरून, पाणसळ लावून सगळ्या लाद्या बसवल्या, कोरलेल्या चार उताण्या. मावशी मनुकांचा पाव कापून देत होती. शुक्रवारी पान छापायला गेलं: 'बुडालेल्या खलाशांचं हरवलेलं कबरस्तान'.

शनिवारी समारंभ. शहरातून वार्ताहर आला. त्याला वेल्श भाषेचं अक्षर येत नव्हतं. पडदा ओढायला वृद्धाश्रमातून एमिरला आणलं. शहाऐंशी वर्षांचा, गावातला शेवटचा पाथरवट. त्यानं पडदा ओढला, वाचलं, आणि त्याचे खांदे हलू लागले. लोकांना वाटलं, रडतोय.

"अरे, हे तर आमच्या बाबांनी घडवून टाकून दिलेले दगड," एमिर म्हणाला. "कॅप्टन बुडाल्याची तार आली म्हणून बायकोनं कबरीचा दगड करायला सांगितला. अठराव्या दिवशी कॅप्टन दारात उभा, जेवायला काय केलंय विचारत. मग कोण नेतोय दगड? बाकीच्या तिन्हींवर बाबांनी साल चुकवलंय. दारूबंदी मंडळाचे चिटणीस होते ना ते, फार ताण असायचा. आमच्या वखारीतून इडवलनं टोपलीभर खेकड्यांच्या बदल्यात नेले सगळे. मीच मदत केली बसवायला. चहा नेस्टानं दिला होता."

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या.

"काय म्हणतायत आजोबा?" वार्ताहरानं इंग्रजीत विचारलं.

मास्तरांनी हात वर केला. गायकमंडळानं त्या हाताची आज्ञा तीस वर्षं पाळली होती. आठही जणांनी खड्या आवाजात स्तोत्र सुरू केलं. एमिरचं पुढचं बोलणं त्यात बुडालं.

"गेलेल्यांची आठवण आलीय त्यांना," मास्तर म्हणाले.

वार्ताहरानं डोळे पुसत ते लिहून घेतलं.

मंडळी पांगल्यावर मास्तर मावशीपाशी आले. "तुम्हाला ठाऊक होतं."

"सांगत होते, तर तू म्हणालास बोलू नका." मावशीनं चहा ओतला. टेबल जागचं हललं नाही. "आता उन्हाळाभर लोक बघायला येणार. मी कुणाला काही सांगायची नाही, ग्विलिम. फक्त शेवाळाचं काय आहे, दर वर्षी चढतं. इस्टरच्या आधी येशील ना गायकमंडळाच्या पोरांना घेऊन?"

"आत्ता..." मास्तर सवयीनं म्हणाले, आणि थांबले. "येतो, मावशी. तारीख सांगा."