शेवटच्या बाकासाठी अर्ज

चर्चमध्ये एकूण अकरा बाक होते आणि अकराव्या बाकाच्या दाराकडच्या टोकाला गेली सव्वीस वर्षं, सगळे जिला थोरली म्हणत ती म्हातारी बसत होती. त्यात भक्ती किती आणि गुडघा किती, हे देवालाच ठाऊक. तिचा उजवा गुडघा वाकत नसे. पुढचा दहावा बाक, दार पुरतं उघडावं म्हणून, सुताराने हातभर कापलेला होता. त्या हातभर जागेत थोरलीचा पाय सुखाने लांब व्हायचा. मधल्या कुठल्याही बाकावर तो मावत नव्हता, आणि पहिल्या बाकावर पंच बसत.

शिवाय तिथून साऱ्या मंडळीच्या पाठी दिसत. कोण उपदेशात पेंगतं, कुणाची कॉलर मळली आहे, कोण शेवटच्या गीताआधीच पिशवी आवरतं, सगळी नोंद थोरलीकडे असे. उपासना संपली की ती दारातच उभी राहून ज्याचं त्याला पोचतं करी. लोक देवाला घाबरत असत, पण दारातून लवकर सटकत ते थोरलीला घाबरून.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका रविवारी पाळकसाहेबांनी नम्रतेवर उपदेश केला. मेजवानीला गेलात तर मानाच्या जागी बसू नका, शेवटच्या जागी बसा, म्हणजे यजमान स्वतः येऊन तुम्हाला सर्वांदेखत पुढे बोलावील. उपदेश पाऊण तासाचा होता. मंडळीने त्यातला नेमका एक शब्द उचलला : सर्वांदेखत.

पुढच्या रविवारी नऊच्या उपासनेला थोरली पावणेनऊला पोचली, तर अकरावा बाक भरलेला! तिच्या जागेवर ठेकेदार. जिथे तिचा पाय जायचा तिथे त्याची बॅग. त्याच्या शेजारी शाळेच्या हेडबाई अर्ध्या टेकलेल्या.

"तुम्ही पुढे बसा, हेडबाई. मी आपला साधा माणूस," ठेकेदार म्हणत होता.

"तुम्ही साधे? अहो, मी तर निव्वळ धूळ आहे."

"मी धुळीहूनही हलका."

"हे बघा, हलकेपणात माझ्याशी बरोबरी करू नका! आमच्या घराण्यात तीन पिढ्या नम्र आहेत!"

"ऊठ रे," थोरली ठेकेदाराला म्हणाली. "माझी जागा आहे ती."

ठेकेदाराने डोळे मिटले. "मावशी, 'माझी' म्हणणं हाच तर गर्व."

त्या दिवशी थोरलीने दाराच्या चौकटीला टेकून, एका पायावर, पूर्ण उपासना काढली. सव्वीस वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता, तो चुकवायला ती ठेकेदारासाठी तयार नव्हती.

रेटारेटी वाढली तेव्हा प्रकरण पंच कमिटीकडे गेलं. कमिटीचे अध्यक्ष निवृत्त हेडक्लार्क होते. नोकरी सुटली होती, पण शेरे मारायची सवय सुटली नव्हती. त्यांनी ठराव केला : 'शेवटचा बाक मर्यादित असल्याने व मंडळीतील नम्रता अमर्याद असल्याने, सदर बाकावरील आसने अर्ज मागवून, गुणवत्तेनुसार देण्यात यावीत.' पाळकसाहेब काही बोलू पाहत होते. त्यांना नम्रपणे सांगण्यात आलं की हा विषय आता त्यांच्या कक्षेत राहिलेला नाही.

अर्जाचा नमुना दोन पानी होता. थोरलीला अक्षर जोडून वाचायला वेळ लागे, म्हणून सून अर्ज घेऊन बसली.

"आई, पहिला रकाना. अर्जदार किती वर्षांपासून नम्र आहे?"

"पुढचं वाच."

"त्यापूर्वी गर्व असल्यास, तो सोडल्याची तारीख."

"सोडलाच नाही तर तारीख कुठली?"

"मग काय लिहू?"

"गर्व आहे, असं लिही. चांगल्या प्रकृतीत आहे म्हणावं."

सुनेने पेन खाली ठेवलं. "आई, असं लिहिलं तर जागा हातची जाईल. चार शब्द गोड लिहिले तर काय बिघडलं? सगळे लिहितायत."

"आणि मग देवाच्या घरात खोटं लिहून मिळवलेल्या जागेवर बसून मी कुणाची प्रार्थना करू? हेडक्लार्कची?"

पुढचा रकाना होता : 'आपल्यापेक्षा कमी नम्र अशा दोन व्यक्तींची नावे.' तिथे मात्र थोरलीने सतरा नावं सांगितली. सुनेने मागची कोरी बाजू वापरली. अठरावं नाव बहुधा सुनेचं होतं. ते थोरलीने आवंढ्याबरोबर गिळलं.

सगळ्यात खाली 'आपली नम्र' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे सहीची जागा. थोरलीने पेन घेतलं, 'नम्र'वर आडवी रेघ मारली, आणि उरलेल्या 'आपली'पुढे एकेक अक्षर कोरून सही केली.

हेडक्लार्कांनी अर्ज तपासून लाल शेरा मारला : 'अर्जदार स्वतःस आपली म्हणवते, परंतु नम्र म्हणवत नाही. सबब अपात्र.'

थोरली त्यांच्या घरी गेली. "साहेब, मला मान नको. पाय पसरायला हातभर जमीन द्या."

"मावशी, पायासाठी वेगळा नमुना नाही."

"मग जे अर्ज पास झाले, ते सगळे नम्र?"

"शंभर टक्के. प्रत्येकाने स्वतः लिहून दिलंय."

निकाल लागला तो दाराजवळच्या फळ्यावर. थोरली सोडून सगळेच पात्र ठरले होते आणि एका बाकावर सगळे मावणं शक्य नव्हतं. म्हणून कमिटीने अकराव्यापासून दुसऱ्यापर्यंतचे दहाही बाक 'शेवटचा बाक' म्हणून घोषित केले. शेवटचा-अ, शेवटचा-ब, असे. प्रत्येकाच्या जागेला 'नम्र' अशी पितळी पट्टी लागली. ठेकेदाराच्या पट्टीवर 'अति' जास्तीचं होतं. यादीच्या तळाशी एक ओळ होती : 'पहिला बाक – गर्विष्ठांसाठी राखीव. पात्र व्यक्ती : एक.'

"चला घरी, आई," रविवारी उपासनेआधी दारातच सून हळूच म्हणाली. "सगळ्यांसमोर कशाला शोभा?"

थोरलीने पदर खोचला. काठी टेकत, दहा शेवटच्या बाकांच्या मधून ती एकटी चालत गेली. नम्र मंडळीने माना वळवून वळवून पाहिलं. पहिल्या बाकावर ती बसली आणि तिच्या ध्यानात आलं की पुढे बाकच नाही! पाय पार लांब झाला. कित्येक वर्षांत एवढा झाला नव्हता.

पण दुसरंही ध्यानात आलं. समोर एकही पाठ नव्हती. ना कॉलर, ना पेंगणारं डोकं. नोंद घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला सांगितलं, थोरलीने डोळे मिटले, आणि आत पाहते तर तिथे ती एकटीच. ती सतरा नावं आठवली. गिळलेलं अठरावंही वर आलं. ती पुटपुटली, "बापा, सगळ्यात वाईट मीच आहे रे."

मनापासून म्हणाली. हातातली काठीसुद्धा हलली नाही. चांगलं अर्धं मिनिट ते टिकलं.

मग तिला वाटलं, हे असं कबूल करायला छाती लागते. मागे दहा बाक भरलेत, आहे का एकात तरी? खरी नम्र म्हणायची तर या मंडळीत मीच! आणि हे कुणी पाहिलं की नाही, ते बघायला तिने मान वळवली.

सगळे पाहत होते. ठेकेदाराने बॅग काखोटीला मारलेली होती आणि तो पुढच्या रविवारसाठी पहिल्या बाकाचा अंदाज घेत होता. हेडक्लार्क वहीत नव्या नमुन्याचे रकाने आखत होते : 'अर्जदार किती वर्षांपासून गर्विष्ठ आहे?'

वाचता वाचता तुम्हाला ठेकेदार भेटला असेल, हेडबाईही ओळखू आल्या असतील. थोरली तर तुमच्याच नात्यातली निघाली असेल. अर्जात दोनच नावं मागितली आहेत, पण मागची बाजू कोरी आहे. तुमचं स्वतःचं नाव त्यात आलं नाही, हे उत्तम. ते खाली लिहायचं, सहीच्या जागी. त्याआधीचे दोन शब्द आम्ही छापूनच ठेवले आहेत.